चौथी वीण

लंडनच्या हाउन्सलोमधल्या त्या हॉलची आता नर्सरी झाली आहे. खिडक्यांना आतून कागदी सुरवंट चिकटवलेत, दाराशी चिमुकल्या वेलिंग्टन बुटांची रांग. शनिवारी बंद असते. मी मागच्या कार पार्कमध्ये दोन वेताच्या काठ्या घेऊन उभा होतो. कुत्रा फिरवायला आलेल्या एक बाई मला पाहून पलीकडच्या फुटपाथवर गेल्या. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही.

काठ्यांची पहिली वीण आली. दुसरी आली. तिसरी जरा अडखळत आली. मग दोन्ही हात तसेच वर राहिले. पुढे काय करायचं ते त्यांना माहीत नव्हतं. मला वाटलं होतं, त्या जागी जाऊन उभं राहिलं की काहीतरी आठवेल. पण जे कधी शिकलोच नाही, ते आठवणार कुठून? हे घरून निघतानाही माहीत होतं. तरी गेलो. इतकी वर्षं मी असंच करत आलोय, म्हणून आता सांगून टाकतो.

बारा वर्षांपूर्वी मी एअरपोर्टजवळ एका कार्गो कंपनीत सॉफ्टवेअर सांभाळत होतो. पुण्याहून आलेला, चाळिशीला टेकलेला, पोट सुटत चाललेला माणूस. एका शनिवारी बसमध्ये माझ्या शेजारी एक ठेंगणे, साठीचे गृहस्थ बसले. मांडीवर वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या दोन लांब काठ्या. मी उगाच बोलायचं म्हणून विचारलं, "पडद्याचे रॉड का?"

"हो," ते म्हणाले. "माझी खिडकी फार मोठी आहे."

चेहऱ्यावरची रेषा हलली नाही. दोन स्टॉपनंतर ते हसले आणि म्हणाले, "चल, खिडकी दाखवतो." मी खरंच त्यांच्या मागे उतरलो. (आमचं बोलणं अर्थातच इंग्रजीत व्हायचं. पण मला ते मराठीतच आठवतं, तसंच लिहितो.)

त्यांचं नाव रॉली. सगळे त्यांना मनोंग रॉली म्हणत. मनोंग म्हणजे थोरला भाऊ, आपल्या दादासारखं. फिलिपिन्समधल्या नेग्रोस बेटावरचे. आठवडाभर एका केअर होममध्ये काम करायचे. म्हाताऱ्यांना अंघोळी घालायच्या, कुशीवर वळवायचं, खुर्चीत बसवायचं. शनिवारी सकाळी दहा ते बारा तो हॉल त्यांचा. सुरुवातीला आम्ही पाच-सहा जण होतो. मग दोघं भाऊ पोलंडला परत गेले, एकाचा गुडघा गेला, एकाला मूल झालं. वर्षभरात मी एकटा उरलो.

त्या हॉलचा वास अजून नाकात आहे. जुन्या लाकडी फरशीचं पॉलिश, रेडिएटरवर वाळत टाकलेले ओले कोट, मनोंगच्या थर्मासमधली गोड कॉफी. केचपच्या बाटलीत भरून आणलेलं, आलं घालून तापवलेलं खोबरेल; मनगटाला मार लागला की ते चोळायचे. आणि या सगळ्यावर वेताचा वास. वेतावर वेत जोरात बसला की एक जळका वास येतो, इस्त्री सुती सदऱ्यावर क्षणभर जास्त रेंगाळावी तसा. पहिल्यांदा तो आला तेव्हा मी घाबरून रेडिएटरकडे पाहिलं होतं. घरी गेल्यावर माझी बायको शुभा सदरा हुंगून म्हणाली, "अरे, तू तिकडे नक्की काय जाळून येतोस?"

हॉल विमानांच्या वाटेखाली. दर दीड-दोन मिनिटांनी एक विमान छपरावरून उतरायचं, खिडक्यांच्या काचा थरथरायच्या. मनोंगनी आपलं शिकवणं त्यावर बेतलं होतं. विमान असताना बोलायचं नाही, फक्त मारायचं. विमान गेलं की ते दोन वाक्यं बोलत. "कोपर झोपलंय तुझं." "पाय कुणाच्या लग्नाला गेलेत?" पुन्हा विमान. हिवाळ्यात ढगांमुळे ते दिसायचं नाही, नुसता आवाज अंगावर कोसळायचा. मे महिन्यात मागचं दार उघडं टाकायचो, तेव्हा कुंपणापलीकडच्या चेरीच्या पाकळ्या फरशीवर यायच्या आणि आमच्या बुटांखाली तपकिरी व्हायच्या. ऑक्टोबरमध्ये त्या सगळ्या हॉलला ओल्या पानांचा वास यायचा. ऋतू मला या देशात त्या एका खोलीत कळले.

मनोंगच्या काठीच्या सात विणी होत्या. दोन काठ्या एकमेकींतून खाली-वर जातात, बांबूची चटई विणावी तशा. त्यांच्या गावातल्या घरांच्या भिंतीच तशा विणलेल्या चटयांच्या असत, त्यावरून ते नाव. रीत अशी की एक वीण पक्की झाल्याशिवाय दुसरी नाही. पक्की म्हणजे डोळे मिटून, डोक्यावर विमान असताना, काठीचा आवाजसुद्धा ऐकू येत नसताना. आणि नवी वीण ते एकदाच दाखवत. एकदाच. मग काठ्या तुमच्या हातात देत आणि गप्प राहत. पहिल्या विणीला मला आठ महिने लागले. तिसरी पक्की व्हायला अडीच वर्षं गेली.

फी किती, असं मी पहिल्याच महिन्यात विचारलं होतं. ते म्हणाले, "माझ्या काकाकडे तांदूळ न्यायचो." म्हणून मी पुढच्या शनिवारी उत्तम बासमती घेऊन गेलो. आठवड्याने म्हणाले, "तुझा तांदूळ चांगला आहे. पण दाणा दाण्याशी बोलत नाही. घरात भांडण झाल्यासारखा." मग वेम्बलीला ईलिंग रोडवरच्या दुकानातून मी इंद्रायणी आणला. तो त्यांनी खाल्ला आणि पुढल्या वेळी नुसतं माझ्या खांद्यावर थोपटलं. त्यानंतर दर महिन्याला इंद्रायणीची पिशवी. आम्हा दोघांच्या नात्यातलं मला पूर्णपणे जमलेलं हे एवढंच.

मला एक खोड होती. प्रत्येक गोष्ट कुठून आली ते हवं असायचं. इंटरनेटवर वाचून जायचो. कुणी या विद्येला आर्निस म्हणतं, कुणी एस्क्रिमा, कुणी काली. कुणी सांगतं ही स्पॅनिश लोक यायच्या आधीपासूनची, कुणी सांगतं त्यांच्याच तलवारी बघून बरंच उचललं, कुणी म्हणतं बंदी आली तेव्हा नाचात लपवून वाचवली. सगळे छातीठोक, आणि सगळे एकमेकांवर चिडलेले. मी विमानांच्या फटीत मनोंगना विचारायचो.

"हे तुमच्याकडे कुठून आलं?"

"काकाकडून."

"आणि त्याच्याकडे?"

"त्याच्या काकाकडून."

"आणि त्याच्या आधी?"

"त्याच्या आधी मी तिथे नव्हतो."

मला वैताग यायचा. अडीच वर्षं घाम गाळायचा आणि त्याला साधा उगमसुद्धा नसावा! आपल्याकडे कशालाही उगम असतो, नसला तर आपण तो देतो.

त्या वर्षी आमच्या मंडळाच्या गणेशोत्सवाचा कार्यक्रम वेम्बलीला एका शाळेच्या हॉलमध्ये होता. मंडळाचे सेक्रेटरी आपटे. मी त्यांना मनोंगबद्दल सांगितलं, प्रात्यक्षिक ठेवू या म्हटलं.

"अहो, छानच," आपटे म्हणाले. "पण फिलिपिनो म्हटलं की लोक त्या वेळेला वडापावच्या लाइनीत जातील. आपल्याशी काही कनेक्शन आहे का बघा. दहा मिनिटं तुम्ही बोला, मग त्यांना नाचू द्या."

"नाचणं नाहीये ते."

"तेच हो. मर्दानी खेळ म्हणून लावतो."

मी कनेक्शन बघितलं. म्हणजे बनवलं. कल्पना सुचली तेव्हा मी ऑफिसच्या कँटीनमध्ये होतो आणि मला ती लगेच आवडली. दोन दिवसांत भाषण तयार. मराठा आरमारातलं एक गलबत वादळात भरकटतं. मलाक्काच्या पलीकडे जातं. एका बेटाला लागतं. त्यावरचे खलाशी तिथेच राहतात आणि तिथल्या लोकांना आपली लाठी आणि पट्टा शिकवतात. शतकं लोटतात. ते लोक मूळ विसरतात. आणि आज, मंडळी, तीच विद्या लंडनमध्ये तुमच्यासमोर घरी परत येते आहे. जमलंच होतं ते. 'असं मानलं जातं', 'जाणकार सांगतात' असले खांबसुद्धा लावले होते. मी आयुष्यात कधी लाठी हातात धरलेली नव्हती. पुण्यात आमच्या शाळेत मर्दानी खेळांचं पथक होतं, त्यात मला घेतलं नव्हतं.

टाळ्या पडल्या. अशा टाळ्या मला ना आधी मिळाल्या होत्या, ना नंतर. मागून कुणीतरी "जय भवानी" म्हणालं आणि पाचशे खुर्च्यांच्या त्या हॉलने उत्तर दिलं. मनोंग पहिल्या रांगेत माझ्या मुलीशेजारी बसले होते. ईरा तेव्हा अकरा वर्षांची, इथेच जन्मलेली. आपट्यांनी मनोंगना वर बोलावलं, डोक्याला भगवा फेटा बांधला, शाल-श्रीफळ दिलं. फेटा त्यांना मोठा होत होता. तो भुवयांवर घसरलेला असतानाच त्यांनी सातही विणी करून दाखवल्या. शेवटच्या चार मी पहिल्यांदाच पाहत होतो. पाहत होतो असं म्हणतो, पण माझं लक्ष लोकांच्या चेहऱ्यांकडे होतं.

परतताना आम्ही तिघं अ‍ॅक्टन टाउनला गाडी बदलायला उभे होतो. उजेड होता अजून. मनोंगनी शालीची घडी करून पिशवीत ठेवली, नारळ वर ठेवला, आणि म्हणाले, "खलाशांची गोष्ट छान होती."

मी ईराकडे पाहिलं. "तू सांगितलंस?"

"त्याने विचारली, बाबा काय बोलतो," ती म्हणाली. "तू म्हणाला तेच मी सांगितली. मी काही खोटा नाही सांगितली."

मनोंग रुळांकडे बघत बोलले. आवाज नेहमीचाच, कोपर झोपलंय म्हणायचे तोच. "माझा काका ऊस तोडायचा. मळा मालकाचा, झोपडी मालकाची, कोयता मुकादमाचा. त्याला सही येत नव्हती. ही एकच गोष्ट त्याच्याकडे होती जी कुणी दिलेली नव्हती." मग म्हणाले, "आज तू ती काढून घेतलीस आणि तुझ्या खलाशांना दिलीस."

मुकादम हा शब्द माझा. ते 'बॉस' म्हणाले होते. पण मला तेव्हाही तो मुकादम असाच ऐकू आला, नगर-बीडकडच्या ऊसतोडीच्या टोळ्या डोळ्यांपुढे आल्या, आणि ते काय म्हणतायत ते मला नीट, पूर्ण कळलं. समजलं नाही अशी सबब मला नाही.

मी म्हणालो, "अहो मनोंग, कार्यक्रम होता तो. कार्यक्रमात असं चालतं."

गाडी आली.

पुढच्या शनिवारी चौथी वीण मिळायची होती. मी तांदूळ घेऊन गेलो. मनोंगनी पहिली करवून घेतली. दुसरी. तिसरी. विमान गेलं. मी वाट पाहिली. ते म्हणाले, "पुन्हा." पहिली, दुसरी, तिसरी. बारा वाजले. त्याच्या पुढच्या शनिवारी तेच. असे पाच शनिवार. शिकवण्यात कसूर नाही, बोलण्यात राग नाही. विमान जाई आणि ती फट यायची, ज्यात ते दोन वाक्यं बोलत असत. आता ती ते रिकामी ठेवत. माझ्यासाठी. मी तिथे एक शब्द टाकायचा होता, बस. पाच शनिवार गुणिले कितीतरी विमानं, तेवढ्या वेळा त्यांनी मला जागा करून दिली.

मला ते कळत होतं. इतक्या वर्षांत मी हे कुणालाही सांगितलं नाही, शुभालासुद्धा नाही. तिला सांगितलं की म्हातारा रुसलाय. मला ते कळत होतं आणि प्रत्येक विमानागणिक तो शब्द मोठा होत गेला, आणि त्याचाच मला राग यायला लागला, आणि तो राग मी त्यांच्यावर काढला. सहाव्या शनिवारी म्हणालो, "चौथी दाखवणार नसाल तर मी दुसरीकडे शिकतो. लंडनमध्ये शंभर क्लास आहेत."

"आहेत," ते म्हणाले, आणि खोबरेलाच्या बाटलीचं झाकण घट्ट केलं.

आहेत. मी सगळे पाहिले, असंच म्हणा. एका स्पोर्ट्स सेंटरमध्ये आधी ॲपवर बुकिंग, मग चार पानी फॉर्म, मग टी-शर्ट. काठ्या फोमच्या. फोमला वास येत नाही. वेम्बलीला एका जिममध्ये हेडसेट लावलेला मुलगा 'प्रोफेशनल्ससाठी नाइफ डिफेन्स' शिकवायचा, मागे गाणी इतकी मोठ्याने की वाटावं विमानतळ परवडला. एका ठिकाणी दोन तासांत तीन पद्धती आणि शेवटी सर्टिफिकेट. एक शिक्षक मात्र खरा भेटला, फिलिपिन्समधल्याच सेबू बेटाकडचा, शांत. त्याने माझी तिसरी वीण पाहिली आणि थांबवलं. "हे मला येत नाही. आमच्या गावचं नाही हे. पावलं वेगळी आहेत. सर, तुमचे गुरू कोण? त्यांच्याकडेच जा ना." मी म्हटलं, ते फार लांब असतात. तेव्हा ते माझ्या घरापासून चार बस स्टॉपवर होते.

मग नव्हते. त्यांची मुलगी ग्रेस नर्स झाली, बर्मिंगहॅमच्या हॉस्पिटलात लागली आणि त्यांना घेऊन गेली. तेही मला कुणाकडून तरी कळलं. आणि दोन महिन्यांपूर्वी मेसेज आला: 'टिटो, मी ग्रेस. पपा गेल्या वर्षी गेले. त्यांच्या फोनमध्ये तुमचा नंबर सॅटरडे या नावाने सेव्ह केलेला होता, म्हणून कळवायला उशीर झाला. तुम्ही कोण ते आत्ता शोधून काढलं.' टिटो म्हणजे काका. तिला चर्चच्या पॅरिश हॉलमध्ये वडिलांच्या नावाने शनिवारचा वर्ग सुरू करायचा होता. तिला स्वतःला काठी येत नव्हती. 'पपांचं पूर्ण शिकलेले तुम्ही एकटेच आहात ना? याल का?'

पूर्ण. त्या शब्दासाठीच मी नर्सरीच्या कार पार्कमध्ये गेलो होतो.

तिच्याकडे जायच्या दिवशी मी बर्मिंगहॅमला सकाळीच पोचलो. तिथे एका कम्युनिटी सेंटरमध्ये वर्ग चालतो असं वाचलं होतं. म्हटलं, कोण जाणे, इथे कुणाला तरी चौथी माहीत असेल. शेवटची आशा. कोच उत्साही होता, तिशीचा, मनगटाएवढा दंड असलेल्या पोरांनाही प्रेमाने शिकवणारा. नव्या लोकांना गोल बसवून तो इतिहास सांगू लागला. फार जुनी विद्या आहे ही, म्हणाला. एक मराठा जहाज वादळात सापडलं. खलाशी बेटाला लागले. त्यांनी गावकऱ्यांना काठी शिकवली.

सगळे मान डोलवत होते. मी काठ्या घेऊन उठलो आणि त्याला बाजूला घेऊन विचारलं, हे कुठे मिळालं?

"ऑनलाइन आहे, मेट. व्हिडिओ आहे एक. प्रॉपर इंडियन हिस्टोरियन आहे कुणीतरी."

आपट्यांनी माझं भाषण इंग्रजी सबटायटल घालून चढवलं होतं. मी बाहेर पायरीवर बसून त्यांना फोन लावला. म्हटलं, काढून टाका.

"अहो, का?" आपटे म्हणाले. "सगळ्यात जास्त बघितलेला व्हिडिओ आहे तो आपला. तुमचंच नाव होतंय."

"खोटं आहे ते, आपटे."

"खोटं कसं? कुणी सिद्ध केलंय का नाही म्हणून?"

मी फोन ठेवला. माझीच पळवाट होती ती, दुसऱ्याच्या तोंडून.

ग्रेसचं घर हॉस्पिटलच्या मागच्या गल्लीत. शिफ्टवरून आलेली, केस अजून वर बांधलेले, डोळ्यांखाली काळं. तिने मला मिठी मारली, भात वाढला, आणि जेवण होण्याआधीच एक छापायला निघालेला कागद पुढे सरकवला. वर्गाचं पत्रक. वर मनोंगचा फोटो. खाली: 'रॉली यांच्या सात विणी, पूर्ण.' त्याखाली गलबत, वादळ, खलाशी.

"तुमचा व्हिडिओ पाहिला, टिटो," ती म्हणाली. "पपा कधी काही सांगायचेच नाहीत. विचारलं की म्हणायचे, काकाकडून आलं. मला काय ठाऊक एवढी मोठी हिस्ट्री आहे म्हणून! मी रडले बघून."

मी घास ठेवला. "ग्रेस, ते मी बनवलं."

"काय बनवलं?"

"ती गोष्ट."

"म्हणजे, जहाज?"

"जहाज."

"वादळ?"

"वादळसुद्धा."

तिला हसू आलं, आणि ते मध्येच गेलं. मग मी सगळं सांगितलं. आपटे, फेटा, अ‍ॅक्टन टाउन, ऊस, पाच शनिवार. एकदाही 'कार्यक्रम होता' असं म्हणालो नाही. ती नर्स आहे, वाईट बातमी ऐकताना चेहरा कसा ठेवायचा हे तिला शिकवलेलं असणार. तिने तो तसाच ठेवला. शेवटी म्हणाली, "मला ते सांगायचे, शीक. मी म्हणायचे, परीक्षा होऊ दे, ही शिफ्ट होऊ दे. मला वाटायचं, लंडनच्या त्या सॅटरडेला येतंच ना."

मग उठून तिने टेबल भिंतीला सरकवलं. "दाखवा."

त्या स्वयंपाकघरात मी पहिली वीण केली. दुसरी केली. तिसरी या खेपेला अडखळली नाही. ती फ्रिजला टेकून बघत होती, माझ्या हातांकडे नव्हे, पावलांकडे.

"आणि यानंतर?"

"यानंतरचं मला येत नाही."

"कुणाला येतं?"

मी काठ्या टेबलावर ठेवल्या. उत्तर तिच्याही लक्षात आलं असावं, कारण तिने पुन्हा विचारलं नाही. ती टेबलाशी बसली, पेन घेतलं. जहाजावर एक आडवी रेघ मारली, वादळावर मारली, खलाशांवर मारली. 'पूर्ण' खोडलं. 'सात' खोडून वर 'तीन' लिहिलं. मग पेन तसंच धरून, माझ्याकडे न बघता म्हणाली, "लोक विचारतील, तीनच का. तेही लिहू?"

"लिही," मी म्हणालो, आणि तिला माझ्या नावाचं स्पेलिंग सांगितलं.